दाद मागायची कुठे?

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

फलटण आणि साताऱ्याच्या कोर्टांत वकिली करताना पक्षकारांच्या तक्रारी बदलत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. बांध, वाटणी, वहिवाट, पाटाच्या पाण्याची पाळी ही प्रकरणं आजही येतात. पण आता कुणी तरी मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, साहेब, एवढं बघा. खात्यातून रक्कम गेलेली असते, किंवा न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीचे फोन नातेवाइकांना जात असतात, किंवा मुलीचा फोटो भलत्याच ठिकाणी दिसलेला असतो. बांधाच्या भांडणात समोरचा कोण आणि कोर्ट कुठलं हे अडाणी माणसालाही ठाऊक असतं. इथे शिकलेल्यालाही दोन्ही ठाऊक नसतं. आज मी याच विषयावर बोलणार आहे.

आपली माहिती बहुतेक वेळा आपल्याच हातून बाहेर जाते, आणि ती देण्यावाचून आपल्याला गत्यंतर नसतं. २०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरताना घरोघरच्या बायकांनी आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुकाचे फोटो अंगणवाडी सेविकेच्या किंवा सेवा केंद्रातल्या मुलाच्या मोबाइलवर काढू दिले. त्यात सेविकेचा दोष नाही, तिला काम तसंच सांगितलं होतं. पण ते फोटो नंतर त्या मोबाइलमध्ये राहिले की पुसले गेले, हे विचारायची सोय कुठल्याच बाईला नव्हती. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने सूचना काढली होती की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चार आकडेच दिसतील अशी प्रत द्या. लोकांना ती सूचना नीट कळायच्या आत, दोनच दिवसांत मागे घेण्यात आली. तिचा चुकीचा अर्थ लावला जाईल, असं कारण दिलं गेलं. माझ्या मते मूळ सूचना योग्य होती आणि ती मागे घेणं ही चूक होती.

माहिती आपल्यापाशी जपणं आपल्याकडे नवं नाही. फलटणला महानुभाव पंथाची मोठी परंपरा आहे. या पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतकं सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिप्यांची किल्ली बाहेर आली, तेव्हा कुठे जुन्या मराठीचं हे भांडार बाकीच्या महाराष्ट्राला वाचता आलं. काय उघड करायचं आणि काय आपल्यापाशी ठेवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, ही जाण आपल्या मातीत सातशे वर्षांपासून आहे. खासगीपणा हे परदेशी फॅड आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

कायद्याने ही जाण फार उशिरा मान्य केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. घटनेच्या २१ व्या कलमातच तो आहे. ते प्रकरण न्यायालयात नेणारे पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. पुढे काय झालं, ते मात्र तुम्हाला माहीत असायला हवं.

या निकालाच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, व्हॉट्सॲपने आपल्या अटी बदलल्या आणि वापरणाऱ्यांची काही माहिती फेसबुकला देणार असं जाहीर केलं. तुम्ही तेव्हा पाचवी-सहावीत असाल. दोन विद्यार्थी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. २०१७ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं. मधल्या काळात कंपनीने २०२१ मध्ये अटी पुन्हा बदलल्या, अटी मान्य करा नाहीतर ॲप सोडा असा आग्रह धरला. ज्या ॲपवर शाळेची सूचना, दूध संघाचा हिशेब आणि मयताची बातमी येते, ते सोडणार कोण? नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने याच आग्रहासाठी व्हॉट्सॲपच्या मालक मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला आणि कंपनी अपिलात गेली. तुम्ही पाचवीतून पदवीपर्यंत आलात, तेवढ्या काळात त्या दोन विद्यार्थ्यांच्या मूळ प्रश्नाला अंतिम उत्तर मिळालेलं नाही.

महाराष्ट्रातली एक गोष्ट मनाला याहून जास्त लागते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात अशी सोय आहे की ज्याचं नुकसान झालं त्याने राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवाकडे अर्ज करावा. पाच कोटींपर्यंतच्या दाव्यात तो न्यायनिर्णय अधिकारी असतो. आपल्या राज्यात राजेश अग्रवाल यांनी या पदावर असताना खरोखर निकाल दिले. पुण्यातल्या एका कंपनीच्या खात्यातून फसव्या ईमेलच्या मार्गाने ८० लाखांवर रक्कम काढली गेली होती. २०१३ मध्ये त्यांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. ईमेलला उत्तर देण्यात खातेदाराची चूक होतीच. तरी चोरांची खाती नीट न तपासता उघडणं ही बँकेची चूक त्यांनी वेगळी मोजली. सामान्य माणसाला समजेल असा हा न्याय होता.

पण अशा निकालावर अपील करायचं ते दिल्लीच्या सायबर अपील न्यायाधिकरणात, आणि तिथले अध्यक्ष जून २०११ मध्ये निवृत्त झाल्यावर ती खुर्ची भरलीच गेली नाही. अध्यक्ष नाही म्हणून निकाल नाही. २०१७ मध्ये ते न्यायाधिकरणच दूरसंचार तंट्यांच्या न्यायाधिकरणात विलीन झालं. सहा वर्षं एक खुर्ची रिकामी राहिली आणि तिच्याखाली महाराष्ट्रातल्या माणसांचे अर्ज पडून राहिले.

त्याच काळात याच कायद्याचं एक कलम मात्र विजेच्या वेगाने चालत होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. ते ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचं २०२१ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलं. लुबाडल्या गेलेल्या माणसासाठी खुर्ची रिकामी आणि बोलणाऱ्या मुलीसाठी पोलीस लगेच दारात, हे एकाच कायद्याखाली घडलं. मला याचा राग येतो आणि तुम्हालाही यावा, असं मला वाटतं.

आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. कंपनीने माहिती सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा मोठा आहे, पण हा दंड सरकारच्या तिजोरीत जमा होतो. ज्याची माहिती गेली, त्याच्या हातात त्यातला रुपयाही येत नाही. शिवाय ती मुदत संपली की माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ४३अ हे कलम नवा कायदा काढून टाकतो. चोर सापडला तर त्याच्याकडून भरपाई मागता येईल, पण निष्काळजी कंपनीकडून ती मागायचा जुना आधार जाईल. उलट खोटी किंवा निरर्थक तक्रार केली, तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड. अशी तरतूद वाचून आमच्या दुधेबावीचा किंवा गुणवऱ्याचा शेतकरी तक्रार करील का?

म्हणून आज हाताशी काय आहे, ते सांगतो. पैसे गेले तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. दुसरं, ग्राहक संरक्षण कायदा २०१९. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याबाहेर दुसऱ्याला देणं ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. वकील लागतोच असं नाही. हे मी वकील असून सांगतो आहे. स्क्रीनशॉट, तारीख, पाठवलेला अर्ज आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. हरलेली बहुतेक प्रकरणं मी कागद नसल्यामुळे हरलेली पाहिली आहेत.

न्यायाची दारं आपोआप जवळ येत नाहीत. उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापूरला हवं म्हणून सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक दशकं आंदोलनं केली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. मुंबईला जाऊन रात्र काढणारा पक्षकार आता कोल्हापूरला जाऊन संध्याकाळी घरी येतो. त्या लढ्यातले कितीतरी ज्येष्ठ वकील तो दिवस पाहायला उरले नव्हते.

तुमच्यातले काही जण वर्षभरात पतसंस्थेच्या, दवाखान्याच्या, कारखान्याच्या टेबलामागे बसतील, काही जण पुण्याला जाऊन ॲप लिहितील. तेव्हा अर्जातला प्रत्येक रकाना तुमच्या हातात असेल. कर्जाच्या ॲपला सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर कशाला हवेत? प्रवेशाच्या अर्जावर आईच्या आधारची झेरॉक्स कशाला हवी? ज्याचं उत्तर देता येत नाही तो रकाना काढून टाकायला साहेबाला सांगा. तो चिडेल, पण विचारणारे दोघं-तिघं झाले की अर्ज बदलतो, हे मी पाहिलेलं आहे.

सुरुवात इथूनच करता येईल. प्रवेश घेताना तुम्ही या महाविद्यालयाला आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक दिलं. ते कागद आता कुठे आहेत, संगणकावर कोण पाहू शकतं आणि किती वर्षांनी नष्ट होणार, असं विचारणारा अर्ज आज जाताना कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक घ्या. असे अर्ज येतील हे मी प्राचार्यांना सांगून ठेवलं आहे आणि लेखी उत्तर द्यायला ते तयार आहेत.