चौकोनांतला मारिओ

(हीरक महोत्सवी चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



आलेख कागदावरचा हा मारिओ पाहून एका पालकांनी मला मघाशी हळूच विचारले, "ही तर नक्कल, हिला चित्र कसे म्हणायचे?" प्रश्न रास्त आहे. १९८१ साली 'डाँकी काँग' या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांनी मारिओ रेखाटला, तेव्हा त्यांच्या हाती मोजकेच चौकोन होते. तेवढ्यात तोंड रेखणे अवघड, म्हणून मिशी आली. केस जमेनात, म्हणून टोपी. ही युक्ती नुसती पाहून कळत नाही. एकेक चौकोन स्वतः भरावा, तेव्हा उमगते. आमच्या माता दुसुतीवर फुलीच्या टाक्याने मोर भरीत, तोही नमुना समोर ठेवूनच.

सातवीत असताना मीही गणिताच्या वहीत मारिओ काढला होता. घरी ते पान फाडले गेले आणि पुन्हा काढण्याचे धैर्य मला झाले नाही. या मुलीने मात्र मारिओच्या हाती आपल्या शाळेची घंटा दिली आहे. खाली मियामोतो यांचे नाव, त्याखाली स्वतःचे. प्रदर्शन संपल्यावरही हे चित्र भिंतीवर राहू द्यावे, एवढी विनंती करतो.