शिंपल्यातील गुलाबी तंतू

जपानी लोक ज्याला ‘नोरी’ म्हणतात, ते पॉर्फिरा गटातील तांबडे शैवल होय. किनाऱ्यावरील शेतकरी उथळ समुद्रात बांबू रोवीत आणि थंडीत त्यांवर शैवल धरण्याची वाट पाहत. उन्हाळ्यात त्याचे बी कोठे दडते, हे कोणासच ठाऊक नव्हते. पीक बुडाले तर उपाय नसे.

इकडे ब्रिटनमध्ये शिंपले पोखरून राहणाऱ्या सूक्ष्म गुलाबी तंतूंना १८९२ साली ‘कॉन्कोसेलिस’ हे नाव देऊन वर्गीकरणात वेगळे बसविले गेले होते. मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांची अध्यापिकेची जागा १९२८ मध्ये केवळ विवाहामुळे गेली होती. अशा नियमाचे समर्थन कसे करावे? तरीही मानद संशोधक म्हणून त्यांचे काम चालूच राहिले. पॉर्फिराची बीजुके शिंपल्यांवर पडताच त्यांतून कॉन्कोसेलिसच उगवते, असे त्यांनी १९४९ मध्ये सिद्ध केले. दोन वनस्पती नव्हेतच त्या. एकाच जीवाच्या दोन अवस्था!

जपानी शास्त्रज्ञांनी मग टाक्यांत शिंपले ठेवून बी तयार केले. ड्रू-बेकर १९५७ मध्ये निवर्तल्या. जपान त्यांनी कधीच पाहिला नाही. उतो येथे १९६३ मध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले. तेथे दरवर्षी १४ एप्रिलला नोरी-उत्पादक जमतात.