झोपेची गोळी नव्हे!



जेवणानंतरचं सत्र आणि विषय झोपेचा, म्हणजे अध्यक्षाची सत्त्वपरीक्षाच. तरी थोडं बोलतो.

"डॉक्टर, ती मेलॅटोनिन द्या, सवय लागत नाही म्हणे." हे वाक्य आपण सगळेच ओपीडीत ऐकतो. कुणाच्या अमेरिकेतल्या मुलाने बाटली पाठवलेली असते, कुणी गमीज खात असतो. पेशंट मेलॅटोनिनला झोपेची गोळी समजतो, आणि खरं सांगायचं तर आपल्यातलेही बरेच जण तसंच समजतात.

येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांनी १९५८ साली गुरांच्या पिनिअल ग्रंथींतून हे द्रव्य वेगळं केलं. त्यांना हवं होतं कोडावर औषध. ते मिळालं नाही, मिळालं ते शरीरात रात्रीची दवंडी पिटणारं संप्रेरक. दवंडीच म्हणतो, कारण रात्रभर हुंदडणाऱ्या उंदरांतही मेलॅटोनिन रात्रीच वाढतं. उजेड डोळ्यांवर पडला की पडद्यातल्या खास पेशी मेंदूतल्या घड्याळाला कळवतात आणि पिनिअलचं काम थंडावतं. निळसर उजेड यात सगळ्यात प्रभावी. मग पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली अकरापर्यंत मालिका बघणाऱ्या आजींना नुसती गोळी देऊन काय साधणार?

वयाचं म्हणाल, तर उतारवयात रात्रीचं मेलॅटोनिन अनेकांत घटतं. पण ठणठणीत वृद्धांच्या काही अभ्यासांत ही घट फारशी दिसलेली नाही. त्यामुळे 'मेलॅटोनिन घ्या, तरुण राहा' या प्रचाराला मी भुलत नाही. संशोधक पिअरपाओली यांच्या, उंदरांत पिनिअल ग्रंथी बसवण्याच्या प्रयोगांनी हे खूळ वाढवलं, १९९५ मध्ये त्यावर पुस्तकही तडाखेबंद खपलं. त्याच वर्षी रेपर्ट आणि वीव्हर या संशोधकांनी दाखवून दिलं की ग्रंथी बसवण्याच्या त्या प्रयोगांतल्या उंदरांच्या जाती मुळात मेलॅटोनिन बनवूच शकत नाहीत. ज्या ग्रंथीत मालच नाही, ती बसवून तारुण्य कुठून येणार!

औषध निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. जेट लॅगमध्ये, घड्याळ सरकलेल्या रुग्णांत ते कामाचं आहे. निद्रानाशात मात्र २०१३ च्या एकत्रित विश्लेषणात झोप लागायला सरासरी सातच मिनिटं कमी लागली. आणि बाटलीत काय आहे? कॅनडात ३१ उत्पादनं तपासली, २०१७ मध्ये निष्कर्ष आले: लेबलवरच्या आकड्यापेक्षा कुठे ८३ टक्के कमी, कुठे ४७८ टक्के जास्त!

आता आपल्या घरचा प्रश्न. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल आपण सर्रास लिहितो. हे बीटा ब्लॉकर पिनिअलला मिळणारा रात्रीचा संदेश अडवतात आणि मेलॅटोनिन घटवतात. म्हणजे प्रेशरची गोळी आपण द्यायची, झोप उडाली की दुसरी गोळीही आपणच द्यायची! बोस्टनमध्ये बीटा ब्लॉकर घेणाऱ्या १६ रुग्णांना तीन आठवडे मेलॅटोनिन देऊन पाहिलं, तर त्यांची झोप सुधारली. चाचणी लहान आहे, पण दिशा दाखवते.

म्हणून अध्यक्ष या नात्याने एकच विनंती. पहाटे तीनला जाग येते म्हणणारे आजोबा समोर बसले, की ते आठलाच टीव्हीसमोर पेंगतात का, हे घरच्यांना विचारा. त्यांच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून बघा. सकाळी ते उन्हात बसतात का, रात्री खोलीत दिवा जळतो का, हेही विचारा. प्रिस्क्रिप्शनला हात त्यानंतर घाला.