जुन्या संगणकातल्या बायका

(समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



केंद्रातल्या जुन्या केसेस नव्या सर्व्हरवर न्यायच्या, हा विषय बैठकीत आला की आपण म्हणतो, "ते तांत्रिक काम, संगणकवाला मुलगा बघेल." आणि पुढच्या विषयाकडे वळतो. आज मला तेवढंच सांगायचं आहे की वळू नका.

नोंदी हलवायला हव्यात, यात वाद नाही. ज्यांच्या केसेस अजून डीबेस किंवा फॉक्सप्रोमध्ये आहेत, त्यांचं यंत्र बंद पडलं तर सगळंच अडकेल. मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोकडे लक्ष देणं २०१५ सालीच थांबवलं. वाद आहे तो काय न्यायचं याचा.

या जुन्या प्रोग्रॅममध्ये नोंद खोडली तरी ती जात नाही. तिच्या आधी फक्त एक तारा पडतो. तारा पडलेल्या नोंदी पडद्यावर दिसू नयेत अशी सोय असते, म्हणून आपल्याला वाटतं की गेली. पण 'पॅक' ही आज्ञा देईपर्यंत ती बाई नाव-पत्त्यासकट फाईलमध्ये तशीच असते.

आता आठवा, नोंद खोडा असं कोण सांगायला येतं? परत नांदायला गेलेली. दुसरं लग्न केलेली. "ताई, माझं नाव तुमच्याकडे नको," म्हणणारी. आपण तिला हो म्हटलेलं असतं. नोंदी हलवणारी काही साधनं तारा पडलेल्या नोंदी सोडून देतात, काही मात्र ताऱ्याकडे न बघता सगळंच उचलतात. मग वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खोडलेली बाई नव्या सर्व्हरवर चालू केस म्हणून उभी राहते. तेव्हा ती एका खोलीतल्या एका संगणकात होती. आता ती पासवर्ड असलेल्या प्रत्येकाला दिसेल.

म्हणून आधी ताऱ्याच्या नोंदी वेगळ्या काढा आणि कागदी रजिस्टरशी ताडून बघा. काहींवर तारा पडला तो नोंद दोनदा झाली म्हणून, काहींवर बाईनं सांगितलं म्हणून. हा फरक त्या मुलाला कळणार नाही. तो केस घेतलेल्या कार्यकर्तीलाच कळेल.

दुसरी गोष्ट रिकाम्या रकान्यांची. बऱ्याच जुन्या फॉर्मात 'मारहाण' आणि 'हुंडा' एवढंच असे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे हिंसेचे प्रकार मांडले, आणि नव्या फॉर्ममध्ये तसे रकाने आले. मग १९९४ सालच्या केसपुढे 'लैंगिक हिंसा' या रकान्यात काय लिहाल? यंत्राला सोडलं तर ते 'नाही' भरेल. फॉक्सप्रोच्या हो-नाहीच्या रकान्यात रिकामी जागासुद्धा 'नाही' म्हणूनच वाचली जाते. उद्या कुणी अहवाल काढेल की त्या काळात नवऱ्याची जबरदस्ती नव्हतीच! अहो, आपण विचारलंच नव्हतं. तेव्हा 'विचारलेले नाही' हे तिसरं उत्तर हवंच, त्यावर तडजोड करू नका.

कायद्याच्या कलमांचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून ४९८-अ च्या जागी न्यायसंहितेची ८५ आणि ८६ ही कलमं आली, म्हणून जुन्या केसेसमधला आकडा बदलायचा नाही. ज्या कलमाखाली गुन्हा नोंदला, तेच राहू द्या.

जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. नावं दोघींनी मिळून तपासा, एकीनं कागद वाचावा, दुसरीनं पडद्यावर बघावं. आणि देणगीदार संस्थेनं सर्व्हरचा पासवर्ड मागितला तर आकडे द्या, पासवर्ड नको.

सगळं उतरलं, तपासून झालं की जुनं यंत्र भंगारवाल्याकडे जाईल. त्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या. फाईली पुसल्या तरी त्या परत काढता येतात. डिस्कला ड्रिलनं आरपार भोकं पाडा, आणि ते आपल्यापैकी कुणाच्या तरी डोळ्यांदेखत होऊ द्या. जुन्या फ्लॉप्या आणि सीड्या कपाटाच्या वरच्या खणात असतील, त्याही शोधा.