डॉस : हुकूम कुणाचा, जबाबदारी कुणाची?

(लखनौच्या चौक भागात मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या बैठकीत युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



या चौकातल्या सराफ्यात आपले गलाईवाले बांधव सोने गाळतात. भट्टीचे काम शिकल्याशिवाय कुणी नवख्याच्या हाती सोने देत नाही. आमच्या कचेऱ्यांत मात्र उलटे झाले. संगणक आधी आला, शिक्षण मागाहून.

१९८५ साली दिल्लीत रेल्वेचे संगणकीय आरक्षण सुरू झाले. ती यंत्रे मोठी, त्यांची व्यवस्था वेगळी. पुढे टेबलावर जे छोटे संगणक आले, त्यांतल्या पुष्कळांवर डॉस असे. डॉस म्हणजे डिस्क ऑपरेटिंग सिस्टिम. मायक्रोसॉफ्टची ही प्रणाली १९८१ साली आयबीएमच्या छोट्या संगणकाबरोबर आली.

तिचे काम काय? यंत्र सुरू केले की ती डिस्कवरून मेमरीत येते. स्टेशन मास्तर गाडी कुठल्या फलाटावर घ्यायची ते ठरवतो, तशी ती फाईल डिस्कवर कुठे ठेवायची ते ठरवते व त्याचा तक्ता राखते. कीबोर्ड, पडदा, प्रिंटर यांच्याशी व्यवहारही तीच सांभाळते.

तिला हुकूम टाइप करून द्यावा लागे. ‘डिर’ म्हटले की फाईलींची यादी दिसे. ‘डेल’ने फाईल पुसली जाई. ‘फॉरमॅट’ने फ्लॉपी नव्याने तयार होई, पण जुना मजकूर जाई. ‘कॉपी’ला तिकिटासारखे आधी ‘कोठून’ आणि मग ‘कोठे’ सांगायचे.

येथेच आमचा एक सहकारी फसला. दिवसभराचे काम फ्लॉपीवर उतरवायचे होते. त्याने क्रम उलटा दिला. फ्लॉपीवरची कालची फाईल आजच्या फाईलीवर बसली. तेव्हाची डॉस ‘जुनी पुसू का?’ असे विचारत नसे. ती सोय १९९३ च्या ६.२ आवृत्तीत आली. साहेबांनी खुलासा मागितला. आम्ही एकच विचारले : याला शिकवले कधी? दुसरी प्रत ठेवण्याचा लेखी नियम कुठे आहे? दोन्हींना उत्तर नव्हते. प्रकरण तिथेच मिटले.

आम्ही मॅट्रिक शिकलेले. इंग्रजी हुकूम पाहून आम्हीही बिचकलो होतो. पण इथून जवळच, कानपूरच्या आयआयटीत, देवनागरी संगणकावर आणण्याचे काम झाले. पुढे पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड काढले आणि डॉसच्या पडद्यावर मराठी उमटली. मग शिकवणी मराठीत का होऊ नये?

आज काउंटरवर ती जुनी डॉस राहिली नाही. पडदे रंगीत झाले, हुकूम बोटाने दाबता येतो. पण फाईल ठेवणे, हलवणे, पुसणे हे काम तेच आहे, आणि चूक झाली की बोट कामगाराकडेच वळते.

म्हणून आमचे तीनच आग्रह आहेत : यंत्राआधी शिक्षण, तेही आपल्या भाषेत, रोज दुसरी प्रत, आणि कुणी काय करायचे ते लेखी. हुकूम देणाऱ्याला हुकुमाचा अर्थ कळला, तर यंत्र त्याचे हत्यार होते. नाही कळला, तर त्याच्यावरचे आरोपपत्र!

कामगार एकजुटीचा विजय असो!