डोळा दुखत नाही, म्हणून…

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



गणपतीच्या मांडवात डॉक्टर बोलायला उभा राहिला की तो आता मोदकांवर घसरणार, अशी सर्वांना धास्ती असते. आज मी मोदकांना हात लावणार नाही. नोकरीसाठी चेन्नईत येऊन राहिलेली बरीच तरुण मुले समोर दिसत आहेत. आजचा विषय त्यांच्याच वयाचा आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना येणारी सूज, अर्थात रेटिनल व्हॅस्क्युलायटिस.

१८८० साली बर्मिंगहॅमच्या डॉ. हेन्री ईल्स यांनी काही तरुण रुग्णांची नोंद केली. त्यांच्या डोळ्यांत पुनःपुन्हा रक्तस्राव होत असे. ईल्स यांनी त्याची सांगड घातली ती नाकातून रक्त येणे आणि बद्धकोष्ठ यांच्याशी! वाहिन्यांचा दाह पुढच्या डॉक्टरांनी ओळखला. 'ईल्स डिसीज' आज पाश्चात्त्य देशांत क्वचितच दिसतो, आपल्याकडे मात्र आम्हाला तो चांगलाच परिचित आहे. रुग्ण बहुधा विशी-तिशीतला, एरवी धडधाकट पुरुष.

होते असे. रेटिनाच्या कडेच्या शिरा सुजतात, त्यांतला रक्तप्रवाह अडतो. उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्यांची मागणी करतो. त्या वाढतात, पण कच्च्या असतात आणि फुटतात. मग डोळ्यासमोर काळे धागे, जळमटे, काजळी उडाल्यासारखे दिसू लागते. डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. त्यातून काही आठवड्यांत रक्त आपोआप शोषले गेले, की मुलगा म्हणतो, 'बरा झालो.' खरा घात इथेच होतो. डाग जातो, आतली सूज तशीच राहते.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून हे कळत नाही. थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते आणि डोक्यावर दिवा लावून डॉक्टरांना पडद्याची अगदी कडेपर्यंत पाहणी करावी लागते. दोन्ही डोळ्यांची, कारण दुसराही बऱ्याचदा धरलेला असतो. मग अँजिओग्राफी. हृदयाची नव्हे! हाताच्या शिरेत फ्लुरोसीन नावाचा रंग टोचून डोळ्याचे फोटो काढतात. सुजलेल्या वाहिन्यांतून रंग पाझरतो, बंद पडलेला भाग काळा दिसतो. दिवसभर कातडी पिवळसर आणि लघवी नारिंगी होते, त्याने घाबरू नये. आत रक्त साचून काहीच दिसत नसेल तर सोनोग्राफी करतात.

एवढ्याने निदान पुरे होत नाही. सूज दिसली, पण ती कशामुळे? क्षय, सिफिलिस, सारकॉइड, बेहचेट, ल्युपस, नागिणीच्या कुळातले विषाणू, यादी लांब आहे. म्हणून डोळ्याचा डॉक्टर तोंडातले फोड, खोकला, सांधेदुखी विचारतो, छातीचा एक्स-रे काढायला लावतो. मॅन्टू चाचणीबद्दल एक सांगतो. आपल्या देशात ती निरोगी माणसांतही पुष्कळदा पॉझिटिव्ह येते, तेव्हा तेवढ्यावरून क्षय ठरत नाही. तरीही संबंध आहे. याच चेन्नईतल्या संशोधकांना ईल्सच्या रुग्णांच्या डोळ्यांतून काढलेल्या पापुद्र्यांत पीसीआर तपासणीने क्षयजंतूंचे डीएनए सापडले. शरीर जंतूंच्या प्रथिनांवर चवताळून उठते आणि त्यातून ही सूज येते, असा एक तर्क आहे.

कारणाचा शोध एवढ्यासाठी, की स्टेरॉइडने सूज उतरते, पण मुळाशी क्षय किंवा विषाणू असेल तर तोच भडकू शकतो. शेजाऱ्याला लागू पडलेल्या गोळ्या म्हणून घेऊ नका. उपाशी भागावर लेसर वेळेवर झाले तर नजर बहुधा टिकते. उशीर झाला तर शस्त्रक्रिया, आणि तीही दरवेळी हरवलेले सगळे परत देत नाही.

व्याख्यानानंतर एका काकूंनी विचारले, "दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसल्याने हे होते का?" नाही, त्याचा संबंध नाही. एका तरुणाने विचारले, तपासणीला एकट्याने गेले तर चालेल का? बाहुली मोठी केल्यावर काही तास नजर अंधुक असते, स्कूटर चालवता येत नाही. इथे घरचे कोणी नसेल तर मंडळात फोन करा, कोणीतरी सोबत येईल.