विसरले ते आणि राहिले ते

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मी मेंदूवर बोलायला उभी राहिले याचे कोणाला हसू आले तर खुशाल हसा! पण आठ वर्षे सासूबाईंचे विस्मरण सांभाळते आहे, आणि माझी भाची परिचारिका आहे, ती पुस्तकातले समजावून सांगते. त्यातून उमगले ते सांगते.

सासूबाई जेवून हात धुतात आणि घटकाभराने विचारतात, “आज पाने नाही का मांडायची?” त्यांनाच फुलवाती करायला बसवा, एकीसारखी एक! पावकी-निमकी अजून तोंडपाठ. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणतात, ‘म्हातारीला सोयीचे तेवढे बरे आठवते!’ हे सोंग नव्हे, बायांनो. आठवणींचे कप्पे निरनिराळे असतात. एकाला वाळवी लागली तरी दुसरा शाबूत राहतो.

अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांना फार फेफरे येई. ते थांबावे म्हणून १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा थोडा भाग काढला. फेफरे कमी झाले, पण त्यानंतर नवे काही मनात ठरेना. ब्रेंडा मिल्नर या बाईंनी त्यांना वर्षानुवर्षे तपासले, तरी दर भेटीला बाई नव्याच! या बाईंनी त्यांना आरशात पाहून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला दिली. घरी करून पाहा, हात उलटाच जातो. तीन दिवसांत मोलेसन यांचा हात छान बसला. मात्र हे आपण आधी केले आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. हाताची आठवण वेगळी, प्रसंगाची वेगळी.

म्हणून “आत्ताच नाही का जेवलात?” असे मी विचारीत नाही. वाटीभर ताक देते आणि मटार सोलायला पुढ्यात ठेवते. हात चालू लागले की त्यांचा जीव शांत होतो.

भीतीचेही तसेच. जिनिव्हाचे क्लापारेद यांनी अशाच एका विसराळू बाईशी हात मिळवताना बोटांत टाचणी लपवून तिला टोचली, असे त्यांनी १९११ साली लिहिले आहे. (ही रीत मला मुळीच आवडली नाही!) पुढे ते हात पुढे करीत तेव्हा ती आपला हात मागे घेई, कारण काही सांगता येईना. आमच्याकडेही कोणी सासूबाईंवर ओरडले तर शब्द त्या विसरतात, पण दिवसभर कावऱ्याबावऱ्या असतात.

सर्वांत अवघड प्रश्न संध्याकाळी येतो. “हे कचेरीतून अजून आले नाहीत?” मामंजींना जाऊन सहा वर्षे झाली. मोलेसन यांना एका नातेवाइकाच्या मृत्यूची बातमी दर वेळी पहिल्यांदाच कळल्यासारखी लागे, असे भाचीने सांगितले. थोरल्या वन्सं म्हणतात, आईशी खोटे बोलू नये. मी खोटे बोलत नाही. मी विचारते, “सासूबाई, मामंजींना तुमच्या हातचे काय आवडायचे हो?” मग थालीपिठापासून सुरुवात होते, ती दिवे लागून पाने मांडली तरी संपत नाही.